ओटीपी विचारला, आता काय? वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सेलनंतर या सदराकडे आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत: खरेदीच्या ॲपमध्ये शिरताना पासवर्डाच्या पुढे होणारी आणखी एक तपासणी. कुणाला ती कटकट वाटते, कुणाचा कोड वेळेवर येत नाही, कुणी तो नको त्या माणसाला सांगून बसलं आहे. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, फक्त राहण्याचा भाग दिला आहे.

लालबाग : पासवर्ड बरोबर टाकला तरी ओटीपी मागतात. घरच्या मोबाइलवर महिनोन्‌महिने विचारत नाहीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र रोज विचारतात. यामागे नियम काय आहे?

तुम्ही एखाद्या ब्राउझरमधून खातं एकदा नीट उघडलंत, की साइट त्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूण ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ती खूण सापडली तर साइट तुम्हाला ओळखीचं मानते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर बंद होताना कुकी पुसल्या जात असतील किंवा तुम्ही इन्कॉग्निटो (बंद करताच खुणा पुसणारी) खिडकी वापरत असाल, तर साइटच्या दृष्टीने तुम्ही रोज नवे. ऑफिसचं इंटरनेट व्हीपीएनमधून, म्हणजे दुसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरवरून फिरून जात असेल तर तुम्ही लालबागला बसून भलत्याच शहरातून आल्यासारखे दिसता, आणि तेही तपासणीचं कारण ठरतं. शिवाय पत्ता, ईमेल किंवा मोबाइल नंबर बदलायला गेलात तर ओळखीच्या फोनवरसुद्धा विचारणा होते. ती व्हायलाच हवी.

ही तपासणी आली ती लोकांच्या एका सवयीमुळे. एकच ईमेल आणि एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरला जातो. त्यातली एखादी लहानशी साइट फुटली आणि तिथले ईमेल-पासवर्ड बाहेर आले, की चोर ती यादी घेऊन मोठ्या खरेदीच्या साइटवर एकेक जोडी लावून पाहतात. हे काम प्रोग्रॅम करतो, माणूस नाही. पासवर्ड जुळला तरी कोड तुमच्या हातातल्या फोनवर येतो, म्हणून तिथे चोर अडतो.

‘माझ्या खात्यात आहे काय चोरण्यासारखं?’ असंही तुम्ही लिहिलं आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या विक्रेत्यांना तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे एक बदली आकडा असतो. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना वेगळी पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासूनच सक्तीची केली आहे. म्हणजे कार्डावर थेट हात मारणं अवघड. पण गिफ्ट कार्डाची शिल्लक आणि ‘पे लेटर’ची (आधी खरेदी, पैसे नंतर) मर्यादा खात्यातच असते. आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित ऐवज म्हणजे तुमच्या ऑर्डरींची यादी. मंगळवारी मिक्सर मागवला, बुधवारी तो निघाला, पत्ता अमुक, एवढं ज्याला ठाऊक आहे, त्याचा फोन आला तर भलेभले विश्वास ठेवतात.

ऑफिसच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका’ या चौकोनात खूण करू नका. रोजचा त्रास तिथे सोसलेला बरा.

मुलुंड : ओटीपी वेळेवर येत नाही. लोकलमध्ये तर नाहीच. तीन-चार वेळा मागवला तर सगळेच चुकीचे म्हणतो आणि मग खातं काही वेळ बंद होतं.

चूक ‘पुन्हा पाठवा’ या बटणात आहे. ते दाबलं की बहुतेक ठिकाणी आधीचा कोड रद्द होतो आणि फक्त शेवटचा चालतो. नेटवर्क कमजोर असताना चार संदेश एकदम येतात, तेही उलटसुलट क्रमाने. वरचा दिसतो तो शेवटचाच असेल याची खात्री नसते. ठरावीक चुका झाल्या की साइट कुलूप लावते. त्यानंतर प्रयत्न करत राहिलात तर ते लांबतच जातं. म्हणून एकदा मागवा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. आला नाही तर एकदाच पुन्हा मागवा. लोकलमध्ये असाल तर गाडी स्टेशनात थांबलेली असताना मागवा.

तरीही येत नसेल तर हे बघा. रिचार्ज संपून काही दिवस झाले की येणारे एसएमएसही थांबतात. मेसेज ॲपमध्ये ‘स्पॅम आणि ब्लॉक केलेले’ नावाचा कप्पा असतो, कोड तिथे पडलेला सापडतो. सिम हरवून नवं घेतलं असेल तर पहिले सुमारे २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवले जातात. ती सोय तुमच्याच रक्षणासाठी आहे, तेव्हा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

कायमचा उपाय म्हणजे फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचीही मोफत मिळतात. ॲमेझॉनवर ‘युअर अकाउंट’मधून ‘लॉगिन अँड सिक्युरिटी’त जा आणि तिथे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करा. पडद्यावर क्यूआर कोड दिसतो. तो ऑथेंटिकेटरने स्कॅन केला की ॲप ६ आकड्यांचा कोड दाखवू लागतं. तो एकदा साइटवर भरलात की जोडणी पक्की झाली. त्या क्यूआरमध्ये एक गुप्त किल्ली असते. तुमचा फोन आणि साइट दोघेही ती किल्ली आणि चालू वेळ यांचा हिशेब करून दर ३० सेकंदांनी तोच आकडा काढतात. त्यासाठी नेटवर्क लागत नाही, त्यामुळे भुयारी मेट्रोतही कोड तयार असतो.

यात एक मुंबईकर अडचण येते. ८.१२ची लोकल चुकू नये म्हणून अनेक जण फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावतात. कोड वेळेवर बेतलेला असल्यामुळे पाच मिनिटं पुढचा फोन चुकीचा कोड दाखवू शकतो. सेटिंगमध्ये ‘तारीख आणि वेळ’ आपोआप ठेवा. घड्याळ पुढे लावायचंच असेल तर भिंतीवरचं लावा.

आपल्याकडची बरीच खरेदीची ॲप्स ऑथेंटिकेटरची सोय देतच नाहीत, फक्त मोबाइल नंबरवर ओटीपी पाठवतात. तिथे तुमचा नंबर हीच किल्ली. त्याबद्दल पुढे बोरिवलीच्या पत्रात लिहिलं आहे.

परळ : खातं मिस्टरांच्या नावावर, कोड त्यांच्या फोनवर. दुपारी घरी फक्त सासूबाई, वय ७४. दारात पार्सलवाला कोड मागतो. ‘कोड कुणाला सांगू नका’ असं त्यांना आम्हीच शिकवलं आहे, त्यामुळे त्या पार्सल परत पाठवतात. नक्की कोणता कोड द्यायचा?

सासूबाईंचं चुकलं नाही. ‘कुणालाही सांगू नका’ हे सरसकट वाक्यच अपुरं आहे. खरेदीत तीन वेगवेगळे कोड येतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

खात्यात शिरण्याचा कोड माणसाला कधीच सांगायचा नाही, तो फक्त पडद्यावरच्या चौकटीत भरायचा. कंपनीचा माणूस असल्याचं सांगणाऱ्यालाही नाही, कारण कंपनीच्या माणसाला त्याची गरजच पडत नाही. पैसे देण्याचा कोड बँकेकडून येतो. संदेशात रक्कम आणि दुकानाचं नाव असतं, ते वाचून तुम्हीच बँकेच्या पानावर टाकायचा. पार्सल मिळाल्याचा कोड मात्र दारातल्या माणसाला सांगायचाच असतो. तो सांगितला की ‘माल पोचला’ अशी नोंद होते, म्हणून तो पार्सल हातात आल्यावरच द्यायचा. उघडून दाखवण्याची डिलिव्हरी असेल तर आतली वस्तू पाहून झाल्यावर. परत नेण्याच्या वेळीही असाच कोड येतो आणि तोही वस्तू त्याच्या हातात देताना सांगायचा.

‘तुमची ऑर्डर रद्द करायची आहे, आलेला कोड सांगा’ असा फोन आला तर तो डिलिव्हरीचा नसतो. रद्द करायला कोड लागतो असं गृहीत धरूच नका. स्वतः ॲप उघडून ‘माय ऑर्डर्स’मध्ये बघा.

घरासाठी व्यवस्था अशी करता येईल. पत्त्याच्या नोंदीत सासूबाईंचा नंबर टाका, खात्याचा नंबर मिस्टरांचाच राहू दे. काही ॲप्समध्ये पार्सलचा कोड पत्त्यावरच्या नंबरला जातो, मग प्रश्नच मिटतो. तसं नसेल तर मिस्टरांनी त्या दिवशी फक्त वस्तूचं नाव आणि कोड सासूबाईंना फोनवर सांगावा आणि त्यांनी तो दाराजवळच्या कागदावर लिहावा. सगळे एसएमएस आपोआप पुढे पाठवणारं ॲप यासाठी बसवू नका. त्यातून बँकेचे कोडही जातात. नातेवाइकांच्या ग्रुपवर कोड टाकणंही नको, आणि वॉचमनकडे कोड लिहून ठेवणं तर नकोच. पार्सल न देताच नोंद झाली तर भांडायला तुमच्याकडे काही उरत नाही.

नवरा-बायको दोघंही एकच खातं वापरत असाल तर ऑथेंटिकेटर जोडताना तोच क्यूआर दोन्ही फोनवर स्कॅन करा. दोन्हीकडे सारखाच कोड येतो. नंतर क्यूआर पुन्हा दिसत नाही, त्यामुळे दोन्ही फोन एकाच वेळी हातात हवेत. क्यूआरचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवू नका.

बोरिवली : सहा-सात महिन्यांपूर्वी जुना नंबर सोडला. दोन ॲप्सना तोच नंबर आहे, पण फोनवर अजून उघडी आहेत. घाई आहे का?

हो. आजच बदला.

सोडलेला नंबर कंपनी कायमचा पुरून टाकत नाही. बंद झाल्यानंतर ९० दिवस तो कुणाला देता येत नाही, पुढे नव्या ग्राहकाला मिळू शकतो. तुमचे ते दिवस उलटले आहेत. ज्या ॲपमध्ये नुसत्या नंबरवर ओटीपी घेऊन शिरता येतं, तिथे तो नवा माणूस सहज म्हणून नंबर टाकेल आणि तुमचा पत्ता, तुमच्या ऑर्डरी त्याच्यासमोर उघडतील. त्याचा काही दोष नसेल.

ॲप उघडं आहे तोवरच काम सोपं आहे. आधी प्रोफाइलमध्ये ईमेल पडताळलेला आहे का ते बघा, नसेल तर पडताळून घ्या. मग नंबर बदला. कोड नव्या नंबरवर येईल, काही ठिकाणी जुन्या नंबरवर किंवा ईमेलवरही मागतील. तेवढ्यासाठीच ईमेल आधी पक्का करायचा. शेवटी ‘सगळ्या डिव्हाइसवरून बाहेर पडा’ दाबा आणि नव्या नंबराने पुन्हा आत येऊन खात्री करा. ॲपमधून चुकून आधीच बाहेर पडलात तर ग्राहक सेवेकडे ओळखपत्र आणि जुन्या ऑर्डरींचे तपशील देत बसावं लागतं.

सगळी खाती शेवटी ईमेलवर येऊन टेकतात. म्हणून दुसरी तपासणी खरेदीच्या ॲपच्याही आधी ईमेलला लावावी. जीमेलमध्ये ती लावली की ८ आकड्यांचे १० बॅकअप कोड घेता येतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा आणि रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. फोन हरवल्यावर फोनमध्येच असलेले कोड उपयोगाचे नाहीत.

जाता जाता संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही पाहून घ्या. ओळखीचं नसेल ते तिथेच कळवता येतं.

गिरगाव : ‘कुरिअरचा मुलगा तुमचं घर शोधतोय, त्याच्याशी बोलायला *२१* लावून हा नंबर आणि शेवटी # डायल करा’ असा फोन आला. केलं. पैसे गेले नाहीत. काही बिघडलं असेल का?

बिघडलं आहे. तुम्ही तुमचे सगळे येणारे कॉल त्या नंबरकडे वळवले. एसएमएस तुमच्याकडेच येतात, पण बऱ्याच सेवा ‘फोन करून कोड सांगा’ असा पर्याय देतात आणि तो फोन आता समोरच्याला जातो. व्हॉट्सॲपसुद्धा याच वाटेने पळवतात.

*#२१# डायल करून वळवणी चालू आहे का ते पाहा. ##००२# ने सगळ्या वळवण्या रद्द होतात. काही कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत, तेव्हा फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून चारही ओळी बंद असल्याची खात्री करणं अधिक पक्कं. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून डायल करून कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. तुमचा कॉल प्रत्यक्षात वळला होता की नाही हे तपासल्यावरच कळेल. दरम्यानच्या काळात व्हॉट्सॲप, ईमेल आणि खरेदीच्या ॲप्समध्ये अनोळखी डिव्हाइस दिसतंय का ते बघा.

याचीच दुसरी बाजू सिम पळवण्याची. फोनचं नेटवर्क अचानक पूर्ण गेलं आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र आहे, तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा, कुणी तुमच्या नावाने नवं सिम काढलंय का.

विक्रोळी : ‘डिलिव्हरी स्लिप’ म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल आली, ती उघडली. ओटीपी कुणालाही सांगितला नाही, तरी खात्यातून गिफ्ट कार्डं घेतली गेली आणि बँकेतूनही रक्कम गेली. आता?

ती फाइल स्लिप नव्हती, ॲप होतं. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. बसवताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की कोड तुम्ही न सांगताच निघून जातात.

आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत जाईपर्यंतच ती गोठवता येते, तेव्हा इथे तास मोजले जातात. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवूनच फोन करा. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. मुंबईत सायबर पोलीस ठाणी आहेत, पण जवळच्या कोणत्याही ठाण्यातही माहिती देता येते, हद्दीच्या कारणावरून परत पाठवता येत नाही.

खरेदीच्या कंपनीलाही त्याच दिवशी लिहा आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक द्या. न वापरलेली असतील तर रद्द होऊ शकतात. पासवर्ड बदलताना ईमेलचा आधी, मग दुकानाचा, आणि तेही स्वच्छ फोनवरून. बिघडलेल्या फोनवर बदललात तर नवाही त्यांनाच कळेल. तो फोन शेवटी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून कोरा करा, पण पुराव्याचे स्क्रीनशॉट काढून पोलिसांना विचारल्यानंतर.

बँकेच्या रकमेबद्दल रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, मधल्याच कुणाची असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर भार नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर मर्यादित भार. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलं असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तुमच्या बाबतीत बँक निष्काळजीपणा म्हणेल हे धरून चला, म्हणून किती वाजता कळवलं याचा पुरावा जपून ठेवा.

विलेपार्ले : ॲप ‘पासकी तयार करा’ म्हणतं. करावी का?

स्वतःचाच फोन असेल तर जरूर करा. पासकी म्हणजे किल्ल्यांची जोडी. एक तुमच्याकडे राहते, दुसरी साइटकडे. आत शिरताना तुम्ही बोट किंवा चेहरा दाखवता, आणि तो तपासतो तुमचा फोनच, साइटकडे तुमचा ठसा जात नाही. पासकी साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. ओटीपी माणूस फसून खोट्या पानावर टाकू शकतो, पासकी टाकता येत नाही. आमच्या दृष्टीने तिचा मोठा गुण हाच. घरातल्या सगळ्यांना फोनचा पिन माहीत असेल तर मात्र पासकीही सगळ्यांची झाली, हे लक्षात घ्या.

ग्रँट रोड : लॅमिंग्टन रोडला फोन दुरुस्तीला द्यायचा आहे. दुकानदार पिन मागतो. ही सगळी ॲप्स उघडीच असतात.

पडदा किंवा बॅटरी बदलायला पिन लागत नाही. चाचणीपुरता लागतो, तेवढ्यापुरता फोन स्वतः समोर उभं राहून उघडून द्या. सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन चालवता येतो, तुमची ॲप्स आणि संदेश दिसत नाहीत. तुमच्या फोनमध्ये तसं काही नसेल तर सिम काढून घ्या, खरेदीच्या आणि बँकेच्या ॲप्समधून बाहेर पडा आणि मगच फोन काउंटरवर ठेवा. ऑथेंटिकेटर त्याच फोनवर असेल तर आधी दुसऱ्या फोनवर हलवा. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये ‘ट्रान्सफर अकाउंट्स’ने ते होतं, दोन्ही फोन जवळ असले की दोन-चार मिनिटांचं काम. दुरुस्ती फसून फोन कोरा होऊन परत आला, तरी कोड तुमच्याकडे असतील.